प्रमाणपत्र हे एक विधान : पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यातील व्यवसाय-प्रशिक्षणाची गुणवत्ता-हमी

कोणत्याही प्रशिक्षणक्रमाच्या अखेरीस उमेदवाराच्या हाती जे प्रमाणपत्र पडते ते अर्थाच्या दृष्टीने एक विधान असते. ‘अमुक व्यक्तीला अमुक काम करता येते’ हे ते विधान होय. विधान करणारी संस्था, ज्याच्याविषयी ते केले तो उमेदवार आणि ज्याच्यासाठी केले तो मालक, असे तीन पक्ष त्यात गुंतलेले असतात. यांपैकी तिसऱ्या पक्षापाशी ते खरे की खोटे हे पडताळून पाहण्याचे साधन बहुधा नसते. तो विश्वासाने उमेदवाराला यंत्रावर उभा करतो. विधान खोटे ठरले तर कधी माल वाया जातो, कधी साचा फुटतो, आणि यंत्र पॉवर प्रेस असेल तर बोटे जातात. ती बोटे विधान करणाऱ्या संस्थेची नसतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनात ध्यानी ठेवावी लागेल.

व्यवसाय-प्रशिक्षणाच्या गुणवत्तेची हमी हा विषय सामान्यतः व्यवस्थापनशास्त्राचा मानला जातो. इमारत, यंत्रे, निदेशकांची संख्या, हजेरीपट, निकालाची टक्केवारी अशा मोजता येण्याजोग्या बाबींची पाहणी करून संस्थेला श्रेणी द्यावी, इतकाच त्याचा अर्थ पुष्कळदा घेतला जातो. या बाबी निरुपयोगी आहेत असे कोणी म्हणणार नाही. परंतु मुळात जे विधान करावयाचे आहे त्याचा अर्थ कोणता, ते कोणत्या पुराव्यावर केले जाते आणि ऐकणारा त्यातून काय समजतो, हे प्रश्न भाषेचे आहेत. ते सोडविल्याखेरीज केलेली पाहणी म्हणजे पाया न तपासता भिंतीला ओळंबा लावण्यासारखे आहे.

या प्रश्नांच्या अभ्यासाला पुण्याच्या वायव्येकडील व उत्तरेकडील औद्योगिक पट्ट्याइतके सोयीचे क्षेत्र महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना स्थापन झाला. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या गावांच्या शिवारांतून कारखान्यांच्या रांगा उभ्या राहिल्या. १९७० साली या गावांची नगरपालिका झाली व १९८२ साली महानगरपालिका. टेल्कोच्या येथील कारखान्यात पहिले व्यापारी वाहन १९७७ साली तयार झाले. पण त्याआधी कित्येक वर्षे तेथे यंत्रे, हत्यारे व साचे बनविणारे विभाग चालू होते आणि शिकाऊ उमेदवार त्यांत तयार होत होते. वाहनापूर्वी वाहन घडविणारा माणूस, असा हा क्रम होता, आणि पुढील काळात तो फारसा पाळला गेला नाही. या शतकाच्या आरंभापासून पट्ट्याचे केंद्र पुणे-नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकले. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी ही खेड तालुक्यातील गावे मोटारगाड्यांच्या नकाशावर आली. फोक्सवॅगनचा कारखाना येथे २००९ साली सुरू झाला. मोठ्या कारखान्याच्या मागे सुटे भाग पुरविणारे लहान कारखाने येतात, त्यांच्यामागे त्याहून लहान. आणि या साखळीत जसजसे खाली जावे तसतसे शिकवण्यासाठी मोकळा वेळ व मोकळे यंत्र दुर्मिळ होत जाते. मोरवाडी येथील महानगरपालिकेची औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कासारवाडीची मुलींसाठीची संस्था, औंधची शासकीय संस्था आणि कितीतरी खाजगी वर्ग या साखळीला माणसे पुरवितात. त्यांतील पुष्कळजण खेड, मावळ, जुन्नरचे असतात. त्याहून अधिक मराठवाडा, विदर्भ व उत्तर भारतातून आलेले.

आता मूळ विधानाकडे वळावे. मराठी भाषेत कामाविषयी तीन प्रकारे बोलता येते. ‘त्याने यंत्र चालवले’ हे घडलेल्या एका घटनेचे कथन आहे. ‘तो यंत्र चालवतो’ हे नित्याच्या व्यवहाराचे. ‘त्याला यंत्र चालवता येते’ हे सामर्थ्याचे. तिसऱ्या रचनेत करणारा माणूस कर्त्याच्या प्रथमेत न राहता ‘त्याला’ अशा रूपाने येतो आणि क्रियापदाच्या ‘-ता’ रूपापुढे ‘येणे’ हे क्रियापद लागते. जणू काम हेच कर्ता असून ते माणसाकडे चालत येते. रोजच्या बोलण्यातील ‘मला पोहता येते’, ‘तिला टंकलेखन येते’ ही वाक्ये याच जातीची. तीनही रचनांचे अर्थ इतके वेगळे आहेत की मराठी बोलणारे लहान मूलही त्यांची गल्लत करीत नाही. प्रशिक्षणाच्या व्यवहारात मात्र ती राजरोस होते. प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षक पाहतो ती पहिली गोष्ट : नेमलेल्या तासांत, नेमलेल्या तुकड्यावर उमेदवाराने काम केले. मालकाला हवी असते ती दुसरी : हा माणूस रोज, पाळीच्या सातव्या तासालाही, तेच काम करील. प्रमाणपत्रावर लिहिलेली असते ती तिसरी. एका घटनेवरून सामर्थ्याचे अनुमान व सामर्थ्यावरून नित्य व्यवहाराचे अनुमान, अशा दोन उड्या त्या कागदात दडलेल्या असतात. या दोन उड्यांना पुराव्याचा आधार देणे, हीच गुणवत्तेची हमी.

‘हमी’ हा शब्द येथे हेतुतः योजला आहे. काही कागदपत्रांतून ‘गुणवत्ता आश्वासन’ असा प्रतिशब्द आढळतो. आश्वासन द्यायला काही लागत नाही, निवडणुकीच्या दिवसांत ते सर्वत्र स्वस्त असते. हमी हा शब्द देण्याघेण्याच्या व्यवहारातला आहे. ज्याने हमी घेतली त्याने ऋणको चुकल्यास भरून द्यावयाचे, असा त्याचा जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. संज्ञा निवडताना असा जिवंत अर्थ हाताशी असेल तर तो टाकून देण्यात शहाणपण नाही.

हमी आणि तपासणी यांतील भेद कारखानदारीनेच प्रथम स्पष्ट केला. १९२४ साली अमेरिकेत वॉल्टर शेवार्ट याने नियंत्रण-आलेख मांडला. तयार मालातून वाईट नग वेचून काढण्यापेक्षा माल तयार होत असतानाच प्रक्रियेतील चढउतारावर नजर ठेवावी, आणि नेहमीचा चढउतार कोणता व विशेष कारणाने घडलेला कोणता हे ओळखावे, हा त्यातला विचार होता. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शेवार्ट १९४७-४८ साली भारतात आला होता. आज भोसरीच्या दहा यंत्रांच्या कारखान्यातही असा आलेख यंत्राशेजारी टांगलेला दिसतो. पण त्याच कारखान्यात येणारा उमेदवार ज्या प्रशिक्षणातून घडतो तेथे अजून अखेरच्या परीक्षेवरच सारी भिस्त असते. परीक्षा ही तयार मालाची तपासणी आहे. ती कितीही कडक केली तरी वर्षभर बंद असलेल्या यंत्रावर न झालेला सराव तिच्यामुळे झालेला ठरत नाही.

शासनाने या प्रश्नाकडे दुर्लक्ष केले असे म्हणता येणार नाही. कारागीर प्रशिक्षण योजना १९५० साली सुरू झाली. १९५६ साली संस्थांचा कारभार राज्यांकडे देण्यात आला, आणि अभ्यासक्रम, कसोट्या व प्रमाणपत्रे यांत देशभर एकवाक्यता राहावी म्हणून त्याच वर्षी एक राष्ट्रीय मंडळ नेमण्यात आले. शिकवणे एकाकडे व प्रमाणित करणे दुसऱ्याकडे, हे तत्त्व त्यात होते. १९६१ साली शिकाऊ उमेदवारांचा अधिनियम आला आणि कारखान्यांवरही शिकवण्याची जबाबदारी पडली. २०१३ च्या अखेरीस राष्ट्रीय कौशल्य अर्हता चौकट जाहीर झाली; तिने सर्व अर्हतांची एक उतरंड आखली. २०१८ साली राष्ट्रीय व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण परिषद स्थापण्याचे ठरले व ती २०२० पासून काम करू लागली. ही परिषद प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि मूल्यमापन करणाऱ्या संस्था यांना वेगवेगळी मान्यता देते. त्याआधी उद्योगक्षेत्रांच्या कौशल्य परिषदांचा मोठा प्रयोग झाला. वाहन उद्योगाचीही एक परिषद त्यात होती व आहे. २०१६ साली शारदा प्रसाद समितीने या परिषदांच्या कामाची तपासणी करून त्यांच्यावर कठोर टीका केली. हितसंबंधांचा गुंता हा तिच्या आक्षेपांचा एक मुख्य भाग होता. प्रमाणपत्रांची संख्या वाढण्यातच ज्याचा लाभ, त्याच्या हाती कसोटी असावी की नसावी, एवढा साधा तो प्रश्न होता.

तथापि संस्था वेगळ्या केल्याने विधानाचा अर्थ आपोआप स्पष्ट होत नाही. २०१३ च्या चौकटीत प्रत्येक पातळीचे वर्णन पाच अंगांनी केले होते : कामाची प्रक्रिया, व्यावसायिक ज्ञान, व्यावसायिक कौशल्य, मूलभूत कौशल्य आणि जबाबदारी. एका पातळीपासून दुसरी पातळी वेगळी कशाने ओळखावयाची? तर बहुतांशी विशेषणांनी. खालच्या पातळीचे काम मर्यादित व ठराविक, त्यावरचे परिचित व अपेक्षेप्रमाणे चालणारे, त्याहून वरचे विस्तृत. विशेषणाचा स्वभाव असा की तुलनेवाचून त्याला मोजमाप नसते. ‘विस्तृत’ म्हणजे किती? चिंचवडच्या हत्यारशाळेत दहा वर्षे काढलेल्या परीक्षकाचे ‘परिचित’ आणि नुकत्याच पदविका घेतलेल्या परीक्षकाचे ‘परिचित’ एक नसते. १९४८ च्या कारखाने अधिनियमातही असेच होते. धोकादायक यंत्रावर अल्पवयीन कामगाराला ‘पुरेसे’ प्रशिक्षण मिळाल्यावाचून, किंवा ‘सखोल’ माहिती असलेल्या माणसाच्या देखरेखीवाचून, काम करू देऊ नये असा निर्बंध त्याच्या २३ व्या कलमात होता. हेतू उत्तम, पण ‘पुरेसे’ या शब्दाचा अर्थ लावण्याची वेळ बहुधा अपघातानंतर येई.

यावर एक उपाय शिक्षणशास्त्रात साठ वर्षांहून अधिक काळ सांगितला जात आहे. रॉबर्ट मेगर याने १९६२ सालच्या आपल्या छोट्या पुस्तकात शिक्षणाच्या उद्दिष्टाचे तीन घटक मांडले : शिकणाऱ्याने करावयाची दृश्य कृती, ती करण्याची परिस्थिती आणि स्वीकारार्ह मानण्याची मर्यादा. जाणणे, समजणे, आकलन होणे ही क्रियापदे त्याला नको होती; कारण त्यांचा साक्षीदार कोणी असू शकत नाही. फिटर व्यवसायाचे उदाहरण घेतल्यास फरक तत्काळ दिसतो. ‘उमेदवाराला मापनाचे चांगले ज्ञान असेल’ हे वाक्य परीक्षकाला काहीही सांगत नाही. ‘०.०२ मिमी लघुतम मापाच्या व्हर्निअरने दिलेल्या पाच तुकड्यांची जाडी मोजून उमेदवार ती लिहील, आणि प्रत्येक नोंद संदर्भमापाच्या ०.०२ मिमीच्या आत असेल’ हे वाक्य त्याला सर्व काही सांगते. पहिले वाक्य विशेषणावर उभे आहे, दुसरे क्रियापदावर व आकड्यावर.

उद्दिष्ट नेटके लिहिले तरी ते कोणत्या भाषेत उमेदवारापर्यंत पोहोचते, हा प्रश्न उरतोच, आणि या पट्ट्यात तो सर्वांत बिकट आहे. कारखान्यातील मराठी ही एक स्वतंत्र बोली आहे. कानस, छिन्नी, पक्कड, पाना, शेगडा, गुण्या, आटे, साचा हे शब्द तिने जुन्या कारागिरांकडून घेतले. मिस्त्री हा शब्द पोर्तुगीजांकडून आला व इतका रुळला की त्याचे परकेपण कोणालाही जाणवत नाही. लेथ, ड्रिल, जॉब, गेज, फिक्स्चर, टॉलरन्स, रिजेक्शन हे इंग्रजीतून आले आणि मराठी प्रत्यय लावून घेऊन घरचे झाले. ‘जॉबला बर आलाय, कानस मार’ या वाक्यात इंग्रजी शब्द आहेत म्हणून ते मराठी नव्हे, असे भाषाशास्त्र म्हणणार नाही. याउलट अनुवादित पाठ्यपुस्तकाची किंवा प्रश्नपत्रिकेची भाषा पुष्कळदा या बोलीला टाळून संस्कृत धातूंतून नवे शब्द घडविते. लेथला कातयंत्र म्हणणे निदान समजण्यासारखे आहे. पण टॉलरन्सला कोणी ‘सहिष्णुता’ म्हटले तर नागरिकशास्त्राचा पाठ आठवेल, शाफ्टचा व्यास नव्हे. १९८६ साली चेन्नई येथे स्थापन झालेली राष्ट्रीय अनुदेशन माध्यम संस्था व्यवसायांची पाठ्यपुस्तके तयार करते व ती हिंदी आणि प्रादेशिक भाषांतही आणते. हे काम मोलाचे आहे. परंतु अनुवादाचा मसुदा प्रत्यक्ष निदेशकांसमोर व शिकणाऱ्यांसमोर वाचून दाखवणे, आणि न कळलेल्या प्रत्येक शब्दाची नोंद करणे, ही पायरी कोणत्याही अनुवादाने चुकवू नये.

ही पायरी चुकली तर नुकसान केवळ भाषेचे होत नाही. पर्यायी उत्तरांतून निवड करावयाच्या लेखी परीक्षेत ज्याला प्रश्नातील शब्द कळला नाही तो चुकतो, आणि चूक नोंदली जाते ती त्याच्या कौशल्याच्या खात्यावर. ज्याला शब्द पाठ आहे पण ज्याच्या हातात कानस सरळ चालत नाही त्याच्या खात्यावर बरोबर उत्तर जमा होते. मोजावयाचे एक व मोजले भलतेच, अशी ही स्थिती. कसोटीशास्त्रात याला वैधतेचा दोष म्हणतात. कारखान्यात, चुकीच्या गेजने मोजणे.

गेजचा उल्लेख आला, तेव्हा या पट्ट्यातील एक विसंगती सांगणे प्राप्त आहे. वाहनाचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यात मोजमापाच्या साधनांचीच परीक्षा घेण्याची शिस्त आहे. सामान्यतः दहा नग घेऊन तीन कामगारांकडून ते दोन-तीन वेळा मोजून घेतात. एकाच माणसाच्या मापांत फरक किती आणि माणसामाणसांच्या मापांत किती, हे काढतात. मोजमापाचा हा दोष एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल तर पद्धत चांगली, ३० टक्क्यांच्या वर गेल्यास अस्वीकार्य. शंभर रुपयांच्या बुशसाठी एवढी दक्षता! मग त्याच कारखान्यात वर्षभर राबणाऱ्या मुलाला ‘उत्तीर्ण’ वा ‘अनुत्तीर्ण’ म्हणणाऱ्या परीक्षकाची अशी परीक्षा का होऊ नये?

ती करण्याचे साधन उपलब्ध आहे. जेकब कोहेन याने १९६० साली दोन परीक्षकांची एकवाक्यता मोजण्यासाठी ‘कॅपा’ नावाचा गुणांक सुचविला. भाषाशास्त्रातही दोन अभ्यासक एकाच संहितेवर वेगवेगळ्या खुणा करतात तेव्हा तो वापरला जातो. समजा, दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे १०० उमेदवारांचे काम तपासले व दोघांनीही ८० जणांना उत्तीर्ण केले. दोघांनी उत्तीर्ण ठरविलेले ६६ आणि दोघांनी अनुत्तीर्ण ठरविलेले ६ आहेत. म्हणजे ७२ जणांविषयी त्यांचे एकमत आहे. वरवर पाहता हे समाधानकारक वाटते. परंतु दोघांनी काम न पाहता, केवळ दर शंभरात ८० या प्रमाणात निकाल वाटले असते, तरीही योगायोगाने ६४ जण दोघांकडून उत्तीर्ण व ४ जण दोघांकडून अनुत्तीर्ण झाले असते, एकूण ६८. योगायोगापलीकडे मिळू शकणाऱ्या ३२ पैकी केवळ ४ जणांपुरते एकमत परीक्षकांनी प्रत्यक्ष मिळविले. गुणांक येतो ०.१२५. पूर्ण एकमताला १ व निव्वळ योगायोगाला शून्य असे हे मोजमाप आहे, हे लक्षात घेता अशा दोन परीक्षकांच्या हाती कोणाचेही भवितव्य द्यावे असे वाटणार नाही. निकालाची टक्केवारी मात्र दोघांचीही ८०, आणि वार्षिक अहवालात तीच छापली जाईल.

परीक्षकांत असा मतभेद का होतो, याचे उत्तर बहुतेक वेळा पुन्हा शब्दांतच सापडते. गुणपत्रकात ‘कामाची सफाई : १० गुण’ असे लिहिलेले असते. एक परीक्षक सफाई म्हणजे पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा समजतो, दुसरा कडेवर बर न राहणे, तिसरा टेबल आवरून ठेवणे. तिघेही आपल्या परीने न्याय्यच असतात. पाच नमुने आधी ठेवून, तिघांनी ते एकत्र तपासून व वाद घालून घेतला तर सफाईचा अर्थ एक होतो. त्याला एक दुपार पुरते. ती दुपार परीक्षेच्या वेळापत्रकात क्वचितच कोणी राखून ठेवतो.

कारखान्याच्या आत आणखी एक प्रमाणपत्र असते, आणि ते भिंतीवर लावलेले असते. त्याला स्किल मॅट्रिक्स म्हणतात. एका बाजूस कामगारांची नावे, वरच्या बाजूस यंत्रे व कामे, आणि प्रत्येक चौकटीत चार भागांचे एक वर्तुळ. एक भाग भरलेला असेल तर माणूस शिकतो आहे. दोन भरले तर देखरेखीखाली करतो. तीन म्हणजे त्याला ते एकट्याने करता येते. चार म्हणजे तो दुसऱ्याला शिकवू शकतो. वर सांगितलेल्या मराठी क्रियापद-रचनांची ही जणू आकृतीच आहे, आणि विशेषणांच्या उतरंडीपेक्षा ती कितीतरी स्पष्ट आहे. वाहन उद्योगातील पुरवठादारांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या २०१६ च्या मानकात गुणवत्तेवर परिणाम करणारे नवे वा बदललेले काम ज्याच्याकडे येते त्याला कामावरच प्रशिक्षण द्यावे अशी अट आहे, आणि कंत्राटी माणसेही तीत स्पष्टपणे धरली आहेत. तक्ता त्या अटीच्या पूर्ततेचा पुरावा म्हणून दाखविला जातो. मात्र सर्व वर्तुळे एकाच शाईने, एकाच हाताने, एकाच दिवशी भरलेली दिसली तर तो तक्ता ऑडिटसाठी आहे, कामासाठी नव्हे, हे समजण्यास लेखापरीक्षकाची गरज नाही. तीन महिन्यांपूर्वी सोडून गेलेल्या मुलाचे पूर्ण भरलेले वर्तुळ तर अशा तक्त्याची हमखास खूण.

येथे ‘प्रशिक्षणार्थी’ या शब्दाचाच विचार करणे भाग पडते. १९६१ च्या अधिनियमाच्या १८ व्या कलमाप्रमाणे शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी होय, कामगार नव्हे. त्यामुळे कामगारविषयक कायदे त्याला सामान्यतः लागू होत नाहीत. हा भेद शिकवणे खरोखर घडत असेल तरच न्याय्य ठरतो. २०१३ साली अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने ‘नीम’ या नावाने ओळखली जाणारी प्रशिक्षण-योजना आणली आणि चाकणसारख्या भागांत ती झपाट्याने पसरली. शिकण्याच्या नावाखाली उत्पादनाचे नेहमीचे काम करून घेतले जाते, असा आक्षेप कामगार संघटनांनी तिच्यावर सातत्याने घेतला. २०२२ च्या अखेरीस परिषदेने ती योजना मागे घेतली. योजना गेली तरी तिने उघड केलेला प्रश्न गेलेला नाही. मराठीत ‘उमेदवारी करणे’ या शब्दप्रयोगाला जुनी छटा आहे : नोकरीच्या आशेने, पगाराविना वा अल्प पगारावर, कोणाच्या तरी हाताखाली राबणे. उमेद म्हणजे आशा. शिकवणे वजा केले तर उमेदवाराच्या हाती तेवढीच उरते. म्हणून गुणवत्ता-हमीच्या कोणत्याही पद्धतीत पहिला प्रश्न निकालाचा नसून वेळेचा असावा : आठवड्याच्या तासांपैकी किती तास हा मुलगा असे काम करतो की जे गेल्या आठवड्यात त्याला येत नव्हते?

जर्मनीतील पद्धत या बाबतीत पुष्कळदा आदर्श म्हणून सांगितली जाते, आणि फोक्सवॅगनने चाकणला त्याच धर्तीवर मेकाट्रॉनिक्सचा शिकाऊ उमेदवारी-क्रम चालविल्यामुळे ती येथे अगदी अपरिचितही नाही. पाहणारे तेथील यंत्रे व कार्यशाळा पाहून भारावतात. वस्तुतः तिचे मर्म परीक्षा-मंडळाच्या रचनेत आहे. १९६९ च्या तेथील कायद्याप्रमाणे उद्योग-व्यापार मंडळांनी नेमलेल्या परीक्षा-समितीत मालकांचे व कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात आणि निदान एक व्यवसाय-शिक्षक असतो. म्हणजे प्रमाणपत्राच्या विधानात जे पक्ष गुंतलेले, तेच त्याचा अर्थ ठरवायला एका टेबलाशी बसतात. कामगारांचा प्रतिनिधी परीक्षक म्हणून बसलेला आपल्याकडे पाहावयास मिळत नाही. यंत्रे आयात करणे सोपे असते.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक याने १९५९-६० मध्ये लिहिलेल्या लेखमालेत प्रशिक्षणाचे मूल्यमापन चार पायऱ्यांनी करावे असे सुचविले होते : शिकणाऱ्याला ते कसे वाटले, तो काय शिकला, कामावर त्याचे वागणे बदलले काय, आणि संस्थेला त्याचा परिणाम काय दिसला. पहिली पायरी स्वस्त असल्याने सर्वत्र आढळते. वर्ग संपताच वाटलेला, पाच हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचा कागद तो हाच. दुसरी म्हणजे परीक्षा. तिसरीसाठी कोणाला तरी उठून कारखान्यात जावे लागते, आणि बहुतेक पद्धती तेथेच थांबतात. मोरवाडीहून भोसरी किंवा चाकण फार दूर नाही. पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या खर्चाच्या तपशिलात या प्रवासाचे कलम नसते.

गेल्यावर विचारावयाचे कोणाला व काय, हेही महत्त्वाचे आहे. व्यवस्थापकाला ‘मुलगा कसा आहे?’ असे विचारले तर ‘चांगला आहे’ हे उत्तर मिळते, आणि विशेषणाचा जुना दोष पुन्हा उभा राहतो. प्रश्न पाळीच्या सुपरवायझरला विचारावा व तो क्रियापदाने विचारावा. मराठीत वर सांगितलेल्या तीन रचनांखेरीज चौथी आहे : ‘त्याला यंत्र चालवू देतो’. येथे बोलणारा स्वतः जबाबदारी घेतो; ‘येते’ असे म्हणणाऱ्याला ती घ्यावी लागत नाही. प्रमाणपत्र मिळून तीन महिने झाल्यावर या मुलाला कोणती यंत्रे एकट्याला चालवू देता. तिसऱ्या पाळीत देता काय. पॉवर प्रेसवर देता काय. देत असाल तर दोन्ही हातांची बटणे व पुढचे संरक्षक आवरण चालू असताना की उत्पादन वाढविण्यासाठी ते काढून पायाच्या पेडलवर. आणि आवरण काढलेले दिसले तेव्हा या मुलाने यंत्र थांबवले असे कधी घडले काय? यंत्र चालवता येणे अभ्यासक्रमात असते. ते थांबवता येणे, आणि थांबवल्याबद्दल दुसऱ्या दिवशी कामावरून कमी न होणे, यांपैकी पहिली गोष्ट प्रात्यक्षिक परीक्षेत सहज बसविता येईल : परीक्षकाने आवरण ढिले करून ठेवावे आणि उमेदवार काय करतो ते पाहावे. दुसरी परीक्षकाच्या हाती नाही. सुपरवायझरच्या उत्तरात तिची नोंद मात्र करून ठेवता येते, तारखेसह.